वाळवणाची जागा

मी एक गोष्ट नागपुरात आजपर्यंत कुणालाही सांगितलेली नाही. एका बाईच्या घरात फळीवर ठेवलेली इस्त्री मी पाहिली. तिच्या पिनेवर कारखान्यातली प्लास्टिकची टोपी तशीच होती, म्हणजे ती इस्त्री एकदाही लावली गेली नव्हती. हे मला दिसलं, कळलं. आणि तरी मी अहवालात असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं, त्या बाईच्या, म्हणजे तिथल्या ऑपरेटरच्या घरी इस्त्री वापरली जाते, त्यामुळे यंत्रणेवर ताण येतो आणि गावातले दिवे जातात.

दिवे माझ्यामुळे जात होते.

बायकोला हे माहीत नाही. ज्यांच्याकडे इतकी वर्षं नोकरी करतो त्या मालकांना माहीत नाही. आमच्या घरात बोलायची पद्धतच नव्हती म्हणा. वडील कचेरीत कारकून. संध्याकाळी आले की आई विचारायची, आज काय झालं? ते म्हणायचे, काय व्हायचं! तेवढ्यावर दिवस संपायचा. तो वारसा मी चोख चालवला. पण गेल्या महिन्यात मी त्या गावाला पुन्हा जाऊन आलो आणि आल्यापासून मला गप्प बसवेना झालंय. जेवता जेवता हसू येतं. परवा बायको म्हणाली, "एवढे काहून खुश दिसून राहिले तुम्ही? पगार वाढला का?" मी म्हटलं, "काही नाही." सवय हो, दुसरं काय.

म्हणून लिहितोय. लिहिताना कुणी तोंडाकडे पाहत नाही.

माझं काम सौरऊर्जेचं. कळमेश्वरच्या एमआयडीसीत मालकांची शेड आहे. तिथं पॅनेल बसवायचे लोखंडी सांगाडे तयार होतात, आणि जिथं विजेच्या तारा पोहोचल्या नाहीत अशा गावांत आम्ही ते नेऊन उभे करतो. आधी जागा पाहायला जायचं ते मी, आणि काम झाल्यावर सही करायची तीही मी. या कामाचं मला पहिल्यापासून वेड आहे, हे आधीच कबूल करतो. ऊन हे नागपूरच्या माणसाला शिवी देण्यासाठीच असतं. चार महिने आम्ही उन्हाच्या नावानं बोटं मोडतो. त्याच उन्हानं काचेच्या एका निळ्या पाटातून वीज निघते आणि तारेतून चालत एखाद्याच्या चुलीपाशी जाते, हे मला अजूनही खरं वाटत नाही. मीटरचा आकडा सकाळी सरकायला लागला की मी अजूनही बाकीच्यांना हाक मारतो, "अरे, पाहा पाहा!" बाकीचे पाहत नाहीत. त्यांना सवय झालीय. मला नाही झाली.

ते गाव भिवापूरच्या पलीकडं. डांबर संपतं, मग मुरूम, मग नाला, मग साग. वनखात्याच्या हद्दीमुळे तारा आत आल्याच नव्हत्या. नाव लिहीत नाही, कारण त्या बाईला विचारलेलं नाही.

जागा पाहायला मी गेलो वैशाखात. आम्ही सगळे वैशाखातच जातो, कारण पावसाळ्यात नाला अडवतो आणि दिवाळीनंतर कागदपत्रांची घाई असते. समाजमंदिराच्या मागे सपाट मैदान होतं. बॅटऱ्या मंदिराच्या खोलीत, पॅनेल मागच्या मैदानात, मध्ये जेमतेम वीस पावलांची केबल. जागा पाहूनच मी खूश झालो. मैदानाच्या दक्षिणेला सागाची रांग होती, पण वैशाखातला साग म्हणजे काय, नुसत्या उभ्या काड्या. पान नावाला नाही. आणि त्या दिवसांत आमच्याकडं भर दुपारी माणसाची सावली पायाखालून बाहेर पडायला मागत नाही. ऊन डोक्यावर, झाडं उघडी. सावली पडणार कशाची?

गावकरी गोळा झाले होते. त्यांच्यात एक बाई होती, तिशीच्या पुढची, आठवीपर्यंत शिकलेली. गावात हिशोबाचं, वाचायचं काही आलं की लोक तिच्याकडं जायचे. यंत्रणेची देखरेख करायला ऑपरेटर लागतो, तर गावच्या समितीनं एकमुखानं तिचं नाव सुचवलं होतं. मी टेप धरून मोजत होतो आणि ती माझ्या मागे मागे.

"साहेब, इथं नोका लावू जी."

"काहून?"

"इथं कार्तिकात ऊन नसते. आमी इथं वाळवण टाकत नाही. धान, मिरची, सगळं तिकडं नेतो, बोडीच्या काठाले." बोडी म्हणजे गावचा छोटा तलाव. तो तिथून बराच लांब होता, गावाच्या दुसऱ्या अंगाला.

मी हसलो. काय म्हणालो तेही आठवतं, आणि ते आठवलं की आजही कान गरम होतात. म्हणालो, "ताई, हे पापड नाहीत, पॅनेल आहेत."

बाकीचे हसले. तीही हसली, पण म्हणाली, "पापड असो का पॅनेल, ऊन तं एकच आहे ना बाप्पा."

आता आमच्या फॉर्मात हिवाळ्याचा एक रकाना असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो, तेव्हा सावली कुठवर येईल ते झाडांची उंची मोजून काढायचं असतं. वीस मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मी तेव्हा नागपूरजवळच्या वाडीला भाड्याच्या खोलीत राहायचो. परतल्यावर तिथंच पंख्याखाली बसून त्या रकान्यात लिहिलं, "अडथळा नाही." काड्यांची कसली उंची मोजायची?

पावसाळ्याआधी यंत्रणा उभी राहिली आणि ज्या संध्याकाळी दिवे लागले ती संध्याकाळ मी कितीदा मनात पुन्हा जगलो असेन. उजेड होता अजून थोडा. गावचा पटेल, म्हणजे पाटील, पंचाहत्तरीचा म्हातारा, त्याच्या घरावरचा दिवा आधी लावायचा असं ठरलं होतं. त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि तसाच थांबला.

त्याची म्हातारी म्हणाली, "दाब ना गा! बोट काय शिवून ठेवलं का त्याले?"

"थांब वं. झटका बिटका बसंल."

"बसला तं बसला. लई जगला."

दिवा लागला. आणि मग घराघरांतून एक एक दिवा पेटत गेला आणि ओरडा उठला, शिट्ट्या, थाळ्या, कुत्र्यांचं भुंकणं. म्हातारी घरात जाऊन छपराकडं बघत बाहेर आली आणि म्हणाली, "अगंबाई, किती जाळे आहेत वं वर! एवढे वर्ष याच्याखाली जेवून राहिलो आमी." आणि तिनं लगेच झाडू काढला. हे मी पुष्कळ गावांत पाहिलंय. पहिला दिवा लागला की पहिलं काम झाडूचं.

ऑपरेटर बाईच्या कमरेला बॅटरीखोलीची चाबी होती. ती त्या संध्याकाळी तीनदा खोलीत जाऊन आकडे वहीत उतरवून आली. एकदा पुरे होतं. मी तसं म्हणालो तर म्हणाली, "पाहू द्या ना जी, पहिला दिवस आहे." मला तिच्यात माझंच वेड दिसलं. मी खूश होऊन नागपूरला परतलो.

कार्तिक लागला आणि पटेलाचा फोन आला. दिवे तासभर लागतात, मग जातात.

मी गेलो. दुपारी साडेतीनला पोहोचलो आणि मोटारसायकल लावायच्या आधीच मला कळलं. सागाला भरगच्च पानं आली होती, एकेक पान जेवायच्या पत्रावळीसारखं. सूर्य दक्षिणेला खाली उतरला होता आणि त्या पूर्ण रांगेची सावली मैदानावरून सरकत पॅनेलांच्या खालच्या ओळीवर येऊन बसली होती. पॅनेल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात. रबरी पाइपावर एका ठिकाणी पाय ठेवला की सगळंच पाणी अडतं, तसं माळेतल्या एकावर सावली पडली की बाकीचे उन्हात असूनही अडतात. म्हणजे दुपारनंतर बॅटऱ्यांना जवळजवळ काहीच मिळत नव्हतं.

ती बाई शेजारी उभी होती. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. तिनं वही पुढं केली. रोजचे आकडे, रोज तीन वेळा, गोल गोल अक्षरात. कोणत्या तारखेपासून दुपारचा आकडा पडायला लागला तेही तिनं पेन्सिलीनं खूण करून ठेवलं होतं. अशी वही मला आजपर्यंत कुठल्याही इंजिनीयरनं दिलेली नाही.

त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं की माझी चूक झाली. साग तोडता येत नाही, तो सरकारचा. पॅनेल हलवायचे म्हणजे नवे सांगाडे, लांब केबल, आणि पहिल्या फॉर्मवर कुणाची सही होती हा प्रश्न. त्याच आठवड्यात मालकांना शेजारच्या चार गावांचं काम मिळायचं होतं आणि ते माझ्या भरवशावर मिळणार होतं. ही कारणं मी देतोय खरी, पण खरं कारण त्यांच्याही खाली होतं. मला एका आठवी शिकलेल्या बाईनं वैशाखातच बरोबर सांगितलं होतं आणि मी चारचौघांत हसलो होतो. ते मला गिळवेना.

तिनं चहाला घरी बोलावलं. तिथं फळीवर ती इस्त्री होती, तिच्या लग्नात भावानं दिलेली. खोक्यातून काढून दिसेल अशी ठेवलेली. मी चहा प्यालो, इस्त्री पाहिली, टोपी पाहिली, आणि परत येऊन अहवाल लिहिला. 'मंजूर क्षमतेपेक्षा जास्त वापर. ऑपरेटरच्या घरी इस्त्री आढळली. देखरेख असमाधानकारक.' आढळली हे खोटं नव्हतंच. मी असा शब्द शोधून वापरला, हे आज लिहिताना दिसतं.

अहवालाची मालकांच्या शिक्क्याची प्रत समितीकडं गेली. पटेलानं मोठ्यानं वाचून घेतली. मला नंतर फोनवर म्हणाला, "साहेब, चाबी काढून घेतली आमी तिची. आता माझ्याकडं आहे. इस्त्रीवालीनं गावाले अंधारात टाकलं पाहा." इस्त्रीवाली. तिचं हे नाव पडलं होतं, आठवड्याभरात.

मी म्हणालो, "बरं."

मग ती चार गावं आली. तिथं मी काय केलं असेल? कार्तिकात गेलो. आणि टेप काढायच्या आधी बायकांना विचारलं, वाळवण कुठं टाकता? त्यांनी जिथं नेलं तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असायचं. नेमकं, स्वच्छ, न चुकता! मी मोजून पाहायचो आणि दर वेळी त्यांचं बरोबर निघायचं. पिढ्यान्‌पिढ्या धान वाळवणाऱ्या हातांना ऊन कुठं टिकतं हे आमच्या सगळ्या नकाशांपेक्षा जास्त कळतं. चारही गावांत एकही दिवा गेला नाही. मला इतका आनंद व्हायचा की मी रस्त्यात गाडी थांबवून चहाच्या टपरीवाल्याला सांगायचो.

मालकांनी ते इतरांना सांगितलं. नागपुरात नव्या मुलामुलींना हे काम शिकवायचा वर्ग भरतो, तिथं मला बोलावलं. मी फळ्यावर बोडी काढली, साग काढला आणि सांगितलं, जागा ठरवायच्या आधी वाळवण विचारा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हणालो, "अनुभवानं." पुढच्या वर्षीही हेच म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षीही.

आणि ज्या गावानं मला हे शिकवलं तिथं चार हिवाळे तासभरच दिवे लागत होते.

यंदा त्या गावासाठी विस्तार मंजूर झाला. नव्या बॅटऱ्या, जास्त पॅनेल आणि दिवसा चालणारी एक चक्की. मालक दुसऱ्याला पाठवणार होते. मी म्हणालो, मीच जातो. माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला असावा, ते बघत राहिले.

कार्तिकातच गेलो. आधी पटेलाकडं न जाता तिच्या घरी गेलो. केस कानापाशी पांढरे झाले होते. इस्त्री फळीवर नव्हती.

मी म्हणालो, "ताई, वाळवणाची जागा पायजे होती. पॅनेल तिकडं न्यायचे आहेत."

ती सुपात धान पाखडत होती. थांबली नाही. "आता आठवलं व्हय?"

"तेव्हाच कळलं होतं," मी म्हणालो. "ज्या दिवशी चहा प्यालो त्या दिवशीच. इस्त्रीची टोपीपण पाहिली होती."

सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं. मग म्हणाली, "मले काहून सांगून राहिले? मले तं ठाऊकच आहे. मी लावली नाही हे मले ठाऊक नसंल का? मी सांगितलं गावाले, तं म्हणे साहेब शिकलेले, ते काय खोटं लिहितील? ज्याले ठाऊक नाही त्याले सांगा."

एवढं बोलून ती उठली आणि मला बोडीकडं घेऊन गेली. रागावलेली होती, तरी चालता चालता सांगायला लागली. इथं सकाळी ऊन आधी कुठं येतं, शेवटी कुठून जातं. उत्तरेच्या काठावर लांबरुंद सारवलेली जागा, समोर दक्षिणेला नुसतं पाणी. झाडच नाही, तर सावली कुठली? मी धावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. तिला हसू आलं, ते तिनं लपवलं.

पण जागा बायकांची. त्यांनी ती सहजी सोडली नाही. सगळ्या जमल्या.

"आमी धान तुमच्या डोक्यावर वाळवू का?"

"अर्धी जागा द्या," मी म्हणालो.

"अर्धी काहून? आमची मिरची काय अर्धी पिकते?"

शेवटी तीच म्हणाली, "पॅनेल मागच्या अंगाले लावा, बांधाकडं. सावली मागं पडंल. पुढं आमचं वाळवण. त्यांचेही निळे पापड वाळू द्या बापा एका कोपऱ्यात." सगळ्या खदखदून हसल्या. तिला चार वर्षांपूर्वीचं माझं वाक्य आठवत होतं. मलाही.

पुढचे दिवस म्हणजे नुसती धामधूम. खड्डे, सिमेंट, सांगाडे. नाल्यातून ट्रॅक्टर आणताना पॅनेलांखाली लोकांनी आपापल्या घरच्या गोधड्या घातल्या. केबल पुरायला अख्खं गाव कुदळी घेऊन आलं. मी पन्नाशीचा माणूस, दोनदा घसरलो, एकदा चिखलात बसलो, आणि मला मजा येत होती. ज्या दिवशी माळ जोडली, दुपारी साडेतीनला मी मीटरसमोर उभा होतो. त्याच वेळी, जेव्हा जुन्या जागी सावली यायची. आकडा पडला नाही. चारला पडला नाही. पाच वाजता ऊन कललं तेवढाच तो उतरला! मी ओरडलो, "अरे, पाहा पाहा!" आणि या वेळी सगळे पाहायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्की सुरू करायची होती. आधी काय दळायचं यावर वाद झाला. पटेल म्हणाला गहू, शुभ असते. त्याची म्हातारी म्हणाली, "गव्हाची पोळी वर्षातून किती वेळा खातो गा तू? मिरची दळा." नवी मिरची निघायला अवकाश होता, पण गेल्या हंगामातली, त्याच काठावर वाळलेली भिवापुरी मिरची घरोघरी होती. टोपल्या आल्या. चक्कीवाल्या माणसाला कुणीतरी बजावायला हवं होतं, पण माझंही भान हरपलं होतं. बटण दाबलं, चक्की गर्जली आणि मिनिटभरात ठसका! अख्खी खोली खोकत, शिंकत, रडत बाहेर. पटेल बांधावर बसून डोळे पुसतोय, म्हातारी हसत हसत शिंकतेय, "मेले वं मेले, बंद करा!" आणि कुणीच बंद करत नाही, कारण प्रत्येकाला आपली टोपली आधी दळून हवी.

असा सगळा गोंधळ चालू असताना पटेल उभा राहिला आणि खोकत खोकत भाषण करायला लागला. "साहेबानं जागा शोधली. साहेबाचे उपकार आहेत. शिकलेला माणूस तो शिकलेलाच."

ती मागे उभी होती, पदर नाकाला लावून. नुसते डोळे दिसत होते.

मी म्हणालो, "जागा मी शोधली नाही. हिनं शोधली. मी पहिल्यांदा आलो तेव्हाच हिनं सांगितलं होतं, आणि मी हसलो."

"असू द्या जी, जुनं झालं," कुणीतरी म्हणालं.

"नाही. ऐका. दिवे जायचे ते सागाच्या सावलीमुळे. जागा मी चुकीची निवडली होती. मला ते कळलं होतं. हिची इस्त्री कधी लावलीच गेली नव्हती. तेही मला माहीत होतं. मी कागदावर खोटं लिहिलं."

बोललो. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही, मिरचीचं. चक्की चालूच होती. मग कुणीतरी ती बंद केली.

म्हातारी पहिल्यांदा बोलली. "म्हंजे चार वर्ष आमी इस्त्रीवाली, इस्त्रीवाली करून राहिलो... ते?"

मी म्हणालो, "ते माझ्यामुळे."

"तुमच्यामुळं कसं? तोंड तं आमचं होतं," ती म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. "आन गा ती चाबी. पाहत काय राहिला?"

पटेल घरी गेला. म्हातारा माणूस, हळू चालला. आला तो चाबी घेऊन. तिच्यापुढं धरली. मी मान वर करून पाहिलं. एवढ्या दिवसांत मला ज्या क्षणाची घाई झाली होती तो हाच. मनातून मी नाचत होतो, खरं सांगतो.

तिनं हात पुढं केला नाही.

"अशी नाही घेत मी," ती म्हणाली. "चाबी नेली तवा कागद वाचला होता तुमी. सगळ्यायले बसवून, मोठ्यानं. आता साहेब तोंडानं बोलले. उद्या म्हणान, मिरचीच्या ठसक्यात काय बोलले काय मालूम. कागद आना. तसाच, शिक्क्याचा. तसाच मोठ्यानं वाचा. मंग घेतो चाबी."

"मालकांचा शिक्का लागतो त्याला," मी म्हणालो.

"तवा नव्हता लागत का?"

पटेलानं चाबी चक्कीच्या खोलीत खिळ्याला अडकवली. म्हणाला, "इथं राहू द्या. साहेब कागद घेऊन येईपर्यंत कोणी हात नाही लावणार." मग त्यानंच चक्की पुन्हा सुरू केली आणि पुन्हा सगळे शिंकायला लागले. निघताना तिनं मला पुडीत बांधून मिरचीची भुकटी दिली.

नागपूरला येऊन महिना झाला. रोज सकाळी मी फोनवर त्या गावचे आकडे पाहतो. दिवे रात्री झोपेपर्यंत चालतात, चक्की दुपारभर चालते, आणि ते पाहून मला जो आनंद होतो तो मी कितीही आवरला तरी आवरत नाही. पण खोलीची चाबी खिळ्यालाच आहे. पटेल फोनवर दर वेळी तेच सांगतो, "तिनं घेतली नाही जी."

कागद मी तीनदा लिहिला. पहिल्यांदा त्यात 'तांत्रिक कारणांमुळे' असं लिहिलं गेलं, तो फाडला. दुसऱ्यांदा 'गैरसमजातून' असं आलं, तोही फाडला. कोणता शब्द आपल्याला आडोसा देतो हे माझ्या हाताला फार चांगलं ठाऊक आहे. तिसरा कागद सरळ आहे. जागा मी चुकवली, सावली मी पाहिली, इस्त्री वापरात नव्हती हे माहीत असून मी तिच्यावर ठपका ठेवला, आणि योग्य जागा ऑपरेटरनं पहिल्याच दिवशी दाखवली होती. तो माझ्या बॅगेत आहे. त्यावर शिक्का नाही, कारण शिक्क्यासाठी मालकांपुढं तो ठेवावा लागेल आणि मी अजून ठेवलेला नाही. चार वेळा त्यांच्या टेबलापर्यंत गेलो. वर्गातल्या पोरांनाही अजून सांगितलेलं नाही की मला ते अनुभवानं सुचलं नव्हतं.

मी त्या बाईला एक कागद देणं लागतो, शिक्क्याचा आणि गावापुढं मोठ्यानं वाचलेला. तो मी अजून दिलेला नाही.